अकरावीच्या भौतिकशास्त्राला पगारी लेखक हवेत

मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती),
सेनापती बापट मार्ग, पुणे

यांना पिंगळी, ता. जि. परभणी येथून खुले पत्र



नीटची प्रश्नपत्रिका 2017 पासून मराठीत मिळते. जेईई मेनची 2021 पासून मिळते. राज्याच्या सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रश्न मराठीत वाचता येतात. या परीक्षांचा अभ्यास मात्र अकरावी-बारावीत होतो, आणि त्या दोन इयत्तांची भौतिकशास्त्राची पुस्तके मंडळाने 2019 आणि 2020 साली काढली ती इंग्रजीत. पेपर मराठीत आणि पुस्तक इंग्रजीत, असा हा कारभार आहे. दहावीपर्यंत मराठीत विज्ञान शिकलेल्या मुलीने मराठी पेपर निवडायचा तो कशाच्या भरवशावर?

त्यात नीटच्या नियमांत एक ओळ आहे. भाषांतरात काही संदिग्धता असेल तर इंग्रजी मजकूर अंतिम मानला जाईल. ही ओळ कागदावरच राहते असे नाही. 2018 साली तमिळ प्रश्नपत्रिकेतल्या 49 प्रश्नांच्या भाषांतरात चुका असल्याचे प्रकरण मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे गेले. खंडपीठाने तमिळमधून परीक्षा दिलेल्यांना प्रश्नामागे चार, म्हणजे 196 गुण द्यायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश पुढे रद्द केला. मुलांच्या पदरात काहीच पडले नाही. निदान त्यांच्या दप्तरात राज्याने छापलेले भौतिकशास्त्राचे तमिळ पुस्तक तरी होते. शेजारच्या गुजरातेतही अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्र गुजरातीतून शिकवले जाते.

पिंगळी हे परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरचे गाव. इथला विद्यार्थी दहावीनंतर परभणीला जातो, आणि घरची ऐपत असेल तर लातूरला किंवा नांदेडला. परीक्षांच्या तयारीच्या लातूर पॅटर्नचा दबदबा मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान'च्या पहिल्या भागातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. तो या मुलाने मराठीत वाचलेला असतो, सोडवलेला असतो, बोर्डात त्यावर गुणही घेतलेले असतात. अकरावीत तोच विषय नव्या भाषेत आणि दुप्पट गणितासह समोर येतो. सेमी इंग्रजीवाल्यांची वाट थोडी सुकर असते. पण 'सेमी'त पाठ केलेली इंग्रजी वाक्ये आणि समजलेले भौतिकशास्त्र यांतला फरक अकरावीच्या पहिल्या सहामाहीतच उघडा पडतो. शिक्षक फळ्यावर इंग्रजीत लिहितात आणि तोंडाने मराठीत समजावतात. त्या समजावण्यातले बरेचसे उत्तम असते, पण ते छापले जात नाही. तास संपला की तेही संपते.

आता वेळेचे. एप्रिल 2025 च्या शासन निर्णयातल्या वेळापत्रकाप्रमाणे नवा अभ्यासक्रम अकरावीला 2027-28 साली आणि बारावीला 2028-29 साली यायचा आहे. पुस्तके एनसीईआरटीच्या पुस्तकांवर बेतून मंडळ काढणार. म्हणजे भौतिकशास्त्राचे पुस्तक नव्याने व्हायचेच आहे. ते मराठीतही व्हावे, ही मागणी जुनी आहे. या पत्राची मागणी तिच्या एक पाऊल पुढची आहे: ते पुस्तक, त्यासोबतचे प्रयोग, प्रश्नसंच आणि ध्वनिचित्रफिती तयार करणे हे मंडळाने पूर्णवेळ, पगारी काम मानावे आणि त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या भौतिकशास्त्र पदवीधरांची भरती करावी.

एनसीईआरटीचे नाव निघालेच आहे, तर एक गोष्ट मंडळाला आठवत असेलच. 2006 आणि 2007 साली आलेल्या त्या अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार होते पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातले निवृत्त प्राध्यापक ए. डब्ल्यू. जोशी. विज्ञान आणि गणिताच्या पुस्तकांच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष होते जयंत नारळीकर. देशाचे पुस्तक मराठी माणसांच्या देखरेखीखाली झाले. ते हिंदीत निघाले, उर्दूत निघाले. मराठीत निघाले नाही.

पगारी लेखक ठेवून विज्ञानाची पुस्तके तयार करून घेणे या जिल्ह्याच्या इतिहासाला नवे नाही. 1948 पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना 1918 साली झाली, पण त्याच्या आदल्याच वर्षी हैदराबादेत 'दार-उल-तर्जुमा' हे भाषांतराचे खाते उघडले गेले. विद्यापीठाचे माध्यम उर्दू ठरले होते आणि उर्दूत पदार्थविज्ञानाची, रसायनाची, वैद्यकाची पुस्तकेच नव्हती. तेव्हा आधी पुस्तके करणारी माणसे नेमली, पारिभाषिक शब्द ठरवणाऱ्या समित्या बसवल्या आणि मग वर्ग भरवले. मौलवी अब्दुल हक हे या खात्याचे पहिले प्रमुख. पुढे कवी जोश मलिहाबादी यांनीही तिथे नोकरी केली. संस्थानातल्या मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलांना हे शिक्षण परक्या भाषेतच घ्यावे लागले आणि त्याबद्दलचा राग रास्त होता. पण कामाची पद्धत नेमकी होती. पुस्तक लिहिणे ही नोकरी होती, तिला खुर्ची होती आणि महिन्याच्या महिन्याला वेतन होते.

मराठीतही कामाची परंपरा आहे, पण ती बहुतेक पदरमोडीची. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले बाळाजी प्रभाकर मोडक (1847-1906) यांनी पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्रावर मराठी पुस्तके लिहिली, तेव्हा त्या विषयांना मराठीत धड वाचकही नव्हते. 1928 साली 'सृष्टिज्ञान' मासिक सुरू झाले. 1966 साली मराठी विज्ञान परिषद उभी राहिली. मुंबईच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे मोहन आपटे आयुष्यभर मराठीत लिहीत राहिले. नारळीकरांनी 'आकाशाशी जडले नाते' लिहिले आणि 1996 साली त्यांना विज्ञानप्रसारासाठी युनेस्कोचे कलिंग पारितोषिक मिळाले. या सगळ्यांचे पोट दुसऱ्या कामावर चालले. मराठीत भौतिकशास्त्र लिहिणे हा त्यांचा रविवारचा उद्योग होता. रविवारी अकरावीचे पाठ्यपुस्तक होत नाही.

ते का होत नाही, हे पिंगळीच्या शिवारात उभे राहून सांगता येईल. कार्य, ऊर्जा आणि शक्ती यांवरचे उदाहरण घ्या. विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे. एक एचपी म्हणजे 746 वॅट, म्हणजे मोटरची शक्ती 3,730 वॅट. पाण्याची पातळी पाइपाच्या तोंडापासून 15 मीटर खाली आहे. एक लिटर पाणी तेवढे उचलायला 9.8 गुणिले 15, म्हणजे 147 ज्यूल ऊर्जा लागते. भागाकार केला की सेकंदाला 25 लिटर पाणी यायला हवे. 200 लिटरचे पिंप आठ सेकंदांत भरले पाहिजे. आता पिंप पाइपाखाली ठेवा आणि मोबाइलवर वेळ मोजा. समजा, सोळा सेकंद लागले. म्हणजे निम्मी शक्ती वाटेतच गेली. कुठे गेली? पंपाच्या पंख्यात, पाइपाच्या घर्षणात आणि वळणांत. इथून कार्यक्षमतेचा धडा सुरू होतो आणि विद्यार्थ्याच्या घरच्या वीजबिलापर्यंत जातो.

त्याच मोटरवर बारावीचे अर्धे विद्युतशास्त्र शिकवता येते. एक फेज गेली तरी मोटर फिरत राहते, उरलेल्या फेजांवरून जास्त धारा ओढते आणि वाइंडिंग जळते, हे गावातल्या प्रत्येक वायरमनला ठाऊक असते. महावितरण कपॅसिटर बसवा म्हणते. गावात त्याला कंडेन्सर म्हणतात. तो कशासाठी, याचे उत्तर बारावीच्या प्रत्यावर्ती धारेच्या प्रकरणात आहे. पण पुस्तकातली आकृती आणि विहिरीवरचा स्टार्टर यांची गाठ घालून देणारे पान कुणी लिहिलेले नाही. ते लिहायला भौतिकशास्त्र पक्के हवे, गाव माहीत हवे, मराठी वाकवता यायला हवी आणि मुख्य म्हणजे सवड हवी. उदाहरण मांडायचे, वर्गात चालवून बघायचे, मुले कुठे अडतात ते टिपायचे, बदलायचे, पुन्हा चालवायचे. एका प्रकरणाला काही महिने सहज लागतात.

मुले कुठे अडतात, हे ओळखणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. अमेरिकेत ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी 1992 साली बलाच्या संकल्पनेवर एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड जवळजवळ नाहीच. मोठा ट्रक छोट्या कारला धडकला तर कोण कोणावर जास्त बल लावतो, अशा धर्तीचे प्रश्न. उत्तर आहे: दोघेही सारखेच. न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेली मुलेही 'ट्रक' म्हणून मोकळी होतात. हार्वर्डचे एरिक मझूर यांनी अशीच चाचणी आपल्या विद्यार्थ्यांना दिली, निकाल पाहून चकित झाले आणि शिकवायची पद्धतच बदलली. वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमट यांनी भौतिकशास्त्र कसे शिकले जाते यावरचे संशोधन थेट भौतिकशास्त्र विभागात आणले आणि त्यावर पीएच.डी. देता येते हे दाखवून दिले.

परदेशाची उदाहरणे पुरेत. मुंबईत मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून हेच करते आहे. भौतिकशास्त्रातून शिक्षणाकडे वळलेले प्रा. व्ही. जी. कुलकर्णी हे त्याचे पहिले संचालक. केंद्राचे सुरुवातीचे काम जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांत झाले आणि पुस्तकाची अवघड भाषा हा विज्ञान शिकण्यातला मोठा अडसर आहे, हे केंद्राने तेव्हापासून अभ्यासाने मांडले. अरविंद कुमार हेही सैद्धांतिक भौतिकशास्त्रातून इकडे आले, संचालक झाले, त्यांना 2010 साली पद्मश्री मिळाली. 2015 साली आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाड मुंबईत झाले ते याच केंद्राच्या खांद्यावर. विज्ञान शिक्षणात पीएच.डी. इथे करता येते. ही वाट आहे, हे परभणीच्या महाविद्यालयात एम.एस्सी. करणाऱ्या किती जणांना कुणी सांगितले आहे?

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रात अरविंद गुप्तांनी 2003 ते 2014 या काळात जे केले तेही विसरता येत नाही. आयआयटी कानपूरचे अभियंते, टेल्कोतली नोकरी, मग काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुनी बाटली आणि चुंबक. शेकडो खेळण्यांची माहिती आणि चित्रफिती त्यांनी मुलांसाठी फुकट खुल्या केल्या, त्यांत मराठीतल्याही आहेत. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याबरोबरचे सहकारी आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत हेच काम नोकरी म्हणून करत होते, ही त्यातली महत्त्वाची बाब.

आज पिंगळीच्या भौतिकशास्त्र पदवीधरासमोर काय वाढून ठेवलेले असते, ते सांगणे भाग आहे. बी.एड. करावे, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नंबर लागण्याची वाट पाहावी. लागला तर तीन वर्षे शिक्षण सेवक. 2023 पासून त्याचे मानधन माध्यमिकला महिना 18,000 रुपये आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये आहे. नेट किंवा सेट झाले तर वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर. नाहीतर लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरचे क्लासेस. तिथे चांगल्या शिक्षकाला पैसा आहे, पण तो उत्तराचा पर्याय झटपट गाठून देण्याचा. ऑनलाइन कंपन्यांनी काही वर्षे पाठ लिहिणाऱ्यांना आणि प्रश्न घालणाऱ्यांना चांगले पगार दिले. 2022 मध्ये बायजूजने सुमारे अडीच हजार माणसे कमी करायचे जाहीर केले. त्यात मजकूर तयार करणारे विभागही होते. 2024 साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अलख पांडे यांची फिजिक्सवाला तगली, वाढली. पण बाजार तेच लिहून घेतो जे विकले जाते. विहिरीवरच्या पिंपाचा प्रयोग विकला जात नाही.

मंडळात प्रत्येक विषयाला विशेषाधिकारी आहेत, विषय समित्या आणि अभ्यासगट आहेत. पुस्तकाच्या पहिल्या पानांवर त्या सदस्यांची नावे छापलेली असतात. त्यातले बहुतेक जण कुठेतरी पूर्णवेळ शिकवत असतात आणि नोकरी सांभाळून पुण्याच्या बैठकांना येतात. त्यांच्या मेहनतीवर हे राज्य शिकले आहे. पण एवढ्या मोठ्या कामाला जोडकाम म्हणून चालवण्याचे दिवस संपले. 2017 पासून पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी आपल्या वर्गात त्याची वाट दाखवली होती आणि 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. कोड छापणे सोपे. तो स्कॅन केल्यावर समोर काय उघडते, हे ठरवायला माणूस लागतो.

असा माणूस कसा ठेवायचा, याचा नमुना परभणीतच आहे. 1972 साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठात शिक्षण आणि संशोधनाच्या जोडीला विस्तार शिक्षण हे तिसरे अंग आहे. संशोधन सोप्या मराठीत शेतकऱ्यापर्यंत नेणे ही तिथे नोकरी आहे, तिला संचालनालय आहे, वेतनश्रेणी आहे. कापसाच्या वाणाला जे मिळते ते ओहमच्या नियमाला का मिळू नये?

आणखी एक कारण उत्तरेला उभे राहते आहे. हिंगोली 1 मे 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. तिथे औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. अमेरिकेतल्या लायगोने पहिली लहर टिपल्याची घोषणा 11 फेब्रुवारी 2016 रोजी केली आणि सहाच दिवसांत केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी दिली. एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपयांची अंतिम मंजुरी मिळाली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान बदल टिपणारी लेसर किरणे. त्या लहरी शोधण्याच्या गणिती पद्धतींवर आयुकातल्या संजीव धुरंधर यांनी दशकानुदशके काम केले आहे. असे यंत्र पिंगळीहून दीड-दोन तासांच्या अंतरावर येते आहे. इथल्या मुलांना तिथे सुरक्षारक्षकाचे आणि चालकाचे काम मिळेलच. भौतिकशास्त्राचे मिळायचे असेल तर हे यंत्र ज्यावर चालते ते प्रकाशाच्या व्यतिकरणाचे प्रकरण त्यांना समजलेले असायला हवे.

काही आक्षेप येणार. पुढचे शिक्षण इंग्रजीतच आहे, मग मराठीचा घोळ कशाला? म्हणूनच पुस्तक द्विभाषिक असावे: डाव्या पानावर मराठी, समोर इंग्रजी, सूत्रे आणि चिन्हे दोन्हीकडे तीच. ज्याला जे हवे ते वाचेल, बहुतेक जण दोन्ही वाचतील. मराठी संज्ञा बोजड आहेत? भाषा संचालनालयाचा भौतिकशास्त्र परिभाषा कोश आहे, विश्वकोश आहे. जिथे मराठी संज्ञा वर्गात चालत नाही तिथे इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवावा. पैसा? मराठवाड्यासाठी चार आणि राज्यासाठी वीस-पंचवीस लेखक म्हणजे एखाद्या मोठ्या महाविद्यालयाच्या विज्ञान शाखेएवढा पगारखर्च.

तेव्हा मंडळाने पुढील गोष्टी कराव्यात. भौतिकशास्त्र पाठ्यलेखक हे पद निर्माण करावे आणि त्याला कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षकाची वेतनश्रेणी द्यावी. निवड केवळ बहुपर्यायी परीक्षेने करू नये. उमेदवाराला एक पाठ लिहायला लावावा, तो जिल्हा परिषदेच्या नववीच्या वर्गावर शिकवायला लावावा आणि मुलांना काय समजले ते तपासावे. लेखकाने आठवड्यातले दोन दिवस वर्गात शिकवलेच पाहिजे, अशी अट असावी. प्रत्येक प्रकरण छपाईआधी किमान तीन जिल्ह्यांत चालवून बघावे आणि आढळलेल्या अडचणी जाहीर कराव्यात. होमी भाभा केंद्र आणि आयुका यांच्याशी या लेखकांच्या प्रशिक्षणाचा करार करावा. तयार झालेले सगळे साहित्य कुणालाही फुकट वापरता यावे आणि त्यावर लिहिणाऱ्याचे नाव असावे. सीईटीच्या मराठी प्रश्नांचे काम याच लेखकांकडे द्यावे, म्हणजे पुस्तकात एक शब्द आणि पेपरात दुसरा असे होणार नाही.

2027-28 च्या अकरावीसाठी पुस्तक हवे असेल तर लेखक त्याच्या निदान वर्षभर आधी कामाला लागायला हवेत. परभणी तालुक्यातल्या शाळांत चाचणीचे वर्ग घ्यायचे ठरले तर विहिरी, मोटरी, पिंपे आणि वेळ मोजायला तयार असलेली मुले इथे आहेत. पदांच्या मंजुरीचा प्रस्ताव शासनाकडे कधी जाणार आणि जाहिरात कोणत्या महिन्यात निघणार, एवढे मंडळाने जाहीर करावे.

कळावे.

पिंगळी, ता. जि. परभणी